शाळेतल्या फौजी पोरांच्या भिंतीवर कुणाकुणाची नावं लिहायची?

जनरल रजिस्टर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. उमरगा भागातल्या एका हायस्कूलात मी २९ वर्षांपासून लिपिक आहे. येत्या मे अखेरीस निवृत्त होतेय आणि जाता जाता एक काम गळ्यात पडलंय.

माजी विद्यार्थ्यांच्या एका बॅचनं पैसे जमवलेत. ध्वजस्तंभाच्या बाजूला चिंचेखाली रुळाचा तुकडा टांगलाय (आमची घंटा तीच), तिथं सैन्यात गेलेल्या पोरांचं स्मृतिस्थळ करायचंय. ओटा झाला, मागची भिंत झाली, नावांचा दगड तेवढा राहिलाय. २६ जानेवारीला उद्घाटन ठरवून बसलेत. यादी करायचं काम माझ्याकडं आलं, कारण रजिस्टरं माझ्या कपाटात असतात.

बॅचनं दिलेल्या यादीत ११ नावं होती. मी गावात फिरले, पारावरच्या म्हाताऱ्यांना विचारलं, दोन वाड्या आणि तांड्यावर जाऊन आले, तर आकडा ४७ वर गेला. त्यात ७१ च्या लढाईत पूर्वेकडं असलेले दोघं आहेत, दोघंही हयात आहेत. एक ८८ साली श्रीलंकेत, शांतिसेनेत असताना गेला. एक सियाचीनला हिमस्खलनात गेला, तो कुक होता.

खरी अडचण रजिस्टर उघडल्यावर सुरू झाली. जनरल रजिस्टरात 'शाळा सोडल्याचे कारण' असा रकाना असतो. ४७ पैकी ३० जणांपुढं एकच वाक्य आहे, 'बरेच दिवसांपासून सतत गैरहजर, सबब नाव कमी केले.' म्हणजे ज्यांच्यासाठी आपण आता दगड घडवतोय, त्यातल्या बहुतेकांना आपणच काढून टाकलेलं! त्या कुकच्या नावापुढं हेच वाक्य निळ्या शाईत आहे, साल १९९८, आणि अक्षर माझं आहे. वर्गशिक्षकांनी चिठ्ठी दिली, मी लिहिलं. तेव्हा अशी दिवसाला पाच-सहा लिहायची.

आता संस्थेतले एक जण म्हणतात, माजी विद्यार्थी म्हणजे किमान दहावी झालेला. तो नियम लावला तर श्रीलंकेतला राहतो, सियाचीनचा जातो.

दुसरे म्हणतात, फक्त जे गेले त्यांचीच नावं घ्या, ४७ लिहिली तर हजेरीपट दिसेल. तिसरे म्हणतात, बर्फात गेला ते युद्ध नव्हे.

आणि एक प्रकरण त्याहून नाजूक आहे. आमची शाळा निजामाच्या काळात 'मदरसा तहतानिया' (प्राथमिक शाळा) होती. त्या वेळच्या उर्दू रजिस्टरात एक नाव आहे, दाखल तारीख 'खुरदाद १३३८ फसली'. हे आजोबा दुसऱ्या महायुद्धात सिंगापूरला कैद झाले होते आणि सुटून परत आले. नातू म्हणतो, आजोबा 'हैदराबाद रेजिमेंट'ला होते, नाव घ्या. गावातल्या दोघातिघांनी स्पष्ट सांगितलं, निजामाच्या फौजेतल्याचं नाव आमच्या शाळेत लागणार नाही. आमचा पट्टा नळदुर्गाजवळचा. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा सोलापुराहून पहिल्यांदा नळदुर्गात शिरल्या, मग उमरग्यावरून पुढं गेल्या. त्या आधीची दोन वर्षं कशी काढली ते इथं घराघरात सांगतात. त्यामुळं मी गप्प बसून आले.

जन्मतारखेवरून माणूस पटवावा म्हटलं तर तेही जमत नाही. ४७ पैकी ३४ जण १ जूनला जन्मलेत. गुरुजींची कृपा.

कुणाच्या शाळेत असं काम झालंय का? कुणाचं नाव घ्यायचं, कुणाचं नाही, हे ठरवायचं कसं?

सुभेदार, अहमदपूरकडचा

जय हिंद ताई. मराठा लाइट इन्फंट्रीत २६ वर्षं काढून आलोय, म्हणून थोडं रोखठोक लिहितो.

कुकपासून सुरू करतो. बर्फातल्या पोस्टवर कुक आणि जवान एकाच बंकरात झोपतात, रात्री पाळीनं पहारा तोही देतो. सियाचीनचं ऑपरेशन मेघदूत १३ एप्रिल १९८४ ला सुरू झालं. तेव्हापासून तिथं गोळीनं कमी आणि हवेनं जास्त माणसं नेली. दिल्लीचं राष्ट्रीय युद्ध स्मारक २०१९ ला झालं. त्याच्या त्यागचक्रात ग्रॅनाइटच्या एकेका विटेवर एकेक नाव आहे, त्यात मेघदूतमधले पण आहेत आणि श्रीलंकेतले पण. दिल्लीनं ज्याला आत घेतलं त्याला तुमच्या शाळेनं बाहेर ठेवायचं काही कारण नाही.

'शहीद' शब्द दगडावर घालू नका. सैन्याच्या कागदात तो शब्द नाही. 'सेवेत असताना वीरमरण' लिहा, पुढं जागा आणि साल. तेवढं पुरतं.

पुरावा कसा घ्यायचा ते सांगतो, कारण यादी जाहीर झाली की 'आमचे काका पण होते' म्हणणारे येणार. प्रत्येकाकडं डिस्चार्ज बुक असतं. त्यात नंबर, भरतीची तारीख, युनिट, मेडल सगळं असतं. पुस्तक हरवलं असेल तर मेडल मागा आणि तळहातावर घेऊन त्याची कड बघा. आपल्या मेडलच्या कडेवर नंबर, हुद्दा आणि नाव ठोकलेलं असतं. घासलं गेलं असेल तर तिरप्या उन्हात धरा, दिसतं. ७१ ला पूर्वेकडं असणाऱ्यांना पूर्वी स्टार मिळाला, पश्चिमेला पश्चिमी स्टार, सोबत संग्राम मेडल. तुमच्या दोघांकडं बघा, पेटीत असणार. काहीच नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात माजी सैनिकांची नोंद असते.

परत आलेल्यांची नावं घ्यावीत का? माझं मत घ्यावीत असंच. सातारा-सांगलीकडं गावागावांत पहिल्या महायुद्धाची संगमरवरी पाटी दिसते. या गावातून इतके गेले, त्यातले इतके गेले ते गेलेच. गेलेले आणि परत न आलेले, दोन्ही आकडे एकाच पाटीवर. फक्त त्या पाटीवर बहुतेक ठिकाणी नाव एकही नाही, नुसता आकडा. तुमच्याकडं नावं आहेत. मग कंजुषी कामून?

हुद्द्याप्रमाणं मात्र लावू नका. नाहीतर कॅप्टन वर आणि कुक खाली, आणि भांडण कायमचं.

निवृत्त मुख्याध्यापक, परभणी

तहतानिया, वस्तानिया हे शब्द बऱ्याच वर्षांनी वाचले. मी स्वतः वस्तानियात, म्हणजे मधल्या शाळेत, दोन वर्षं उर्दूतून शिकलो.

आधी तारखेचं. हैदराबाद संस्थानचं फसली वर्ष आजूर महिन्यात, म्हणजे ऑक्टोबरात सुरू व्हायचं. फसली सनात ५९० मिळवा. महिना जानेवारी किंवा त्यानंतरचा असेल तर ५९१. खुरदाद हा सातवा महिना, साधारण एप्रिल. म्हणजे १३३८ चा खुरदाद १९२९ चा उन्हाळा. सहा-सात वर्षांचं लेकरू धरलं तर महायुद्धात ते १९-२० वर्षांचं असेल. जमतंय.

आता 'हैदराबाद रेजिमेंट'चं. इथं हमखास गफलत होते. १९ वी हैदराबाद रेजिमेंट ही ब्रिटिश हिंदी सैन्यातली पलटण. मूळ निजामाच्या पैशावर इंग्रजांनी ठेवलेल्या कंटिंजंट फौजेतलं, पण भरती कुमाऊँकडची, अहीर, जाट अशी. १९४५ ला तिचं नावच कुमाऊँ रेजिमेंट झालं. तिच्यात आपल्याकडचा माणूस सापडणं अवघड. निजामाची संस्थानी पायदळ पलटण वेगळी. तीही मलायात गेली होती, तिचा पहारा कोटा भारूच्या विमानतळावर होता आणि फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडलं तेव्हा तिचेही लोक कैदेत गेले. तुमचे आजोबा बहुतेक या दुसरीतले. नातवाकडं उर्दू कागद असेल तर फोटो काढून टाका, मी वाचून देतो.

राहिला गावाचा राग. निजामाची फौज आणि रझाकार या दोन वेगळ्या गोष्टी, हे मी सहज लिहून मोकळा होईन. कासिम रझवी लातूरला वकिली करायचा. त्याची संघटना वेगळी, पगारी फौज वेगळी, तिचा सेनापती एल इद्रूस, त्यानं भारतीय फौजेच्या जनरल चौधरींपुढं शस्त्रं ठेवली, सगळं खरं. पण ज्याच्या आज्याचं घर जळालं त्याला हा फरक मी कोणत्या तोंडानं समजावू? माझ्या मामाचा वाडा गेला. माझ्या आईनं मरेपर्यंत हा फरक मानला नाही.

तरी मी नाव घेईन. तीन-साडेतीन वर्षं जपानी कैदेत काढलेलं पोर तुमच्या शाळेत धुळाक्षरं गिरवून गेलं, एवढंच दगडाला सांगायचंय. फक्त 'हैदराबाद रेजिमेंट' असं मोघम लिहून झाकू नका. 'हैदराबाद संस्थानी फौज, मलाया' असं सरळ लिहा. आणि मुक्तिसंग्रामात उतरलेले विद्यार्थी रजिस्टरात सापडत असतील तर त्यांनाही त्याच भिंतीवर घ्या. सापडतीलच. आपल्याकडं शाळांनीच ती चळवळ उभी केली. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा तुमच्यापासून किती लांब आहे? स्वामी रामानंद तीर्थ तिथंच मुख्याध्यापक होते.

छिन्नी-हातोडा

लातूरला दगडकाम करतो. कुणाची नावं घालायची ते तुम्ही ठरवा, मी फक्त धंद्यातलं बोलतो.

कडप्पा घेऊ नका. स्वस्त पडतो, पहिल्या वर्षी झकास दिसतो, मग उन्हापावसात पापुद्रे सुटतात. काळा ग्रॅनाइट घ्या. लेझरनं वरवर कोरलेलं अक्षर चार-पाच वर्षांत पुसट होतं, मागं काय लिहिलं होतं ते पाणी मारून बघावं लागतं. सँडब्लास्ट करून खोल अक्षर घ्या, रंग उडाला तरी बोटाला लागतं. स्टीलची चिकटवलेली अक्षरं शाळेच्या आवारात नकोच. सुट्टीत पोरं उपटून नेतात, मी दोन शाळांत परत बसवून दिलीत.

अख्खी एकच फरशी करू नका. चार तुकडे करा. एका नावात चूक निघाली तर एकच तुकडा बदलता येतो. आणि चूक निघते. खाली एक तुकडा कोरा सोडा.

प्रूफ कागदावर घ्या, मोबाइलवर नको. मराठी जोडाक्षरांची वाट मशीनच्या फॉन्टमध्ये लागते, रफार पळतो, अर्धा र चुकतो. घरच्या माणसाची सही घेतल्याशिवाय मी मशीन चालू करत नाही. अक्षरावर भाव असतो, त्यामुळं हुद्दे-पदव्या कमी केल्या तर पैसेही वाचतील.

केजची

मी तुमच्या शाळेची नाही, पण वाचून राहवलं नाही. माझे मालक सेवेत असताना गेले, त्याला १४ वर्षं झाली.

त्यांच्या शाळेत दर २६ जानेवारीला मला बोलावतात. शाल, नारळ, पहिल्या रांगेत खुर्ची. मी जाते. पण ते गेले त्या वर्षी त्यांच्या दाखल्याची नक्कल पाहिजे होती, कारण शाळेत जन्मतारीख १ जून आणि फौजेच्या कागदात दुसरीच. पेन्शनचं अडकलं होतं. त्याच शाळेत मी चार खेपा घातल्या, कडेवर पोरगी घेऊन. पहिल्यांदा साहेब नव्हते. मग कपाटाची किल्ली नव्हती. मग रजिस्टर बाइंडिंगला गेलं होतं. चौथ्यांदा म्हणाले अर्ज नीट लिहून आणा. आता त्याच ऑफिसच्या भिंतीला लागून त्यांचा फोटो आहे, त्यावर रोज हार असतो म्हणे.

तुम्ही क्लार्क आहात म्हणून सांगते. रजिस्टर हातात आहे तोवर या ४७ घरांना विचारा कुणाला काय कागद पाहिजे. आणि उद्घाटनाला कुण्या आईच्या नाहीतर बायकोच्या हातानं पडदा ओढायला लावणार असाल तर तिला आधी विचारा. मला कुणी विचारलं नव्हतं.

जनरल रजिस्टर

सगळ्यांचे आभार. केजच्या ताई, तुमचं वाचून दोन दिवस काही लिहू शकले नाही. किल्ली नसल्याचं कारण मीही दिलेलं आहे. तुम्हाला नाही, पण दिलंय.

शनिवारी अर्धी शाळा सुटल्यावर सियाचीनच्या पोराच्या आईकडं गेले. तुमचा मुलगा शाळेत सतत गैरहजर का होता, असं तर विचारणार नव्हते, पण मी शाळेची म्हटल्यावर तीच सांगायला लागली. "कारखान्याला गेलो होतो की आम्ही. दिवाळी झाली की गाडी यायची, पाडव्याला माघारी. त्या साली मालकाचा पाय मोडला, म्हणून ह्याला कोयत्याला नेलं. आला तर नाव नव्हतं." एवढंच. आवाजात राग नव्हता. मग आत जाऊन तिनं पेटीतून प्लॅस्टिकच्या पिशवीतला कागद आणला. भरतीला नेलेला दाखला, आठवी पास. कुकच्या भरतीला तेवढं चालायचं. कारणाच्या रकान्यात तेच निळं वाक्य. ती म्हणाली, "हे अक्षर तुमचंच न्हवं? त्यो सांगायचा, क्लार्क म्याडमनी त्याच दिवशी दिला, फुकट."

मला आठवत नाही. एकोणतीस वर्षांत किती दाखले लिहिले असतील. पण अक्षर माझंच.

रजिस्टरातला शेरा मला बदलता येत नाही. साधं स्पेलिंग दुरुस्त करायलाही शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. आणि खरं म्हणजे बदलावा असंही वाटत नाही, लिहिलं ते लिहिलं. पण त्या दाखल्याकडं बघताना डोक्यात आलं की फौजेचं फौजेला माहीत, ते दिल्लीत विटेवर लिहिलेलंच आहे. शाळेनं शाळेला जे माहीत आहे ते लिहावं. म्हणून मंगळवारी बैठकीत मी असं मांडलं: नाव, कोणत्या साली शाळेत आला, कितवीपर्यंत होता. 'इ. ९ वी पर्यंत.' 'इ. ४ थी पर्यंत.' खाली एक ओळ फौजेची, आणि परत आला नसेल तर जागा, साल. हुद्दा कुणालाच नाही. क्रम दाखल सालाचा.

दहावीवाले साहेब म्हणाले, हे शाळेला शोभेल का, इतके नापास आणि गळालेले दगडावर? मी म्हटलं, साहेब, गळालेले आपल्या खात्यात, त्यांच्या नाही. हे बोलायला मला २९ वर्षं लागली, निवृत्ती जवळ आली म्हणून जमलं असेल. चहा आला, मग विषय मंजूर झाला. सहा विरुद्ध दोन.

आजोबांचं नाव अजून अधांतरी आहे. सर, तुम्हाला नातवाकडचे दोन कागद पाठवलेत, एकावर शिक्का आहे. तुमचं वाचून होईपर्यंत मी त्यांची जागा पहिलीच धरून ठेवलीय. दाखल सालाचा क्रम लावला तर १९२९ वालाच वर येतो, त्याला कुणाचा इलाज नाही. मुक्तिसंग्रामातले दोघं सापडले, त्यातल्या एकाचा नातू सिंगापूरवाल्या आजोबांच्या नावाला विरोध करणाऱ्यांत आहे. दोन नावं एकाखाली एक येतात. मी त्याला यादी दाखवली, तो बराच वेळ बघत राहिला आणि "विचार करून सांगतो" म्हणाला. नाही म्हणाला नाही.

सुभेदार साहेब, ७१ वाल्या दोघांपैकी एकाचं मेडल बघितलं. उन्हात तिरपं धरलं, नंबर दिसला. त्यांच्या सूनबाईला माहीतच नव्हतं की कडेवर नाव असतं, तिनं घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवलं.

पडदा वगैरे काही ठेवलेला नाही. कागदांचं मात्र सुरू केलंय. ४७ घरांना चिठ्ठी गेली, नऊ अर्ज आले, सात नकला देऊन झाल्या.

सुभेदार, अहमदपूरकडचा

शाबास ताई. 'इ. ९ वी पर्यंत' आवडलं. माझ्या शाळेनं असं केलं तर मी सातवीपर्यंत. बाकीचं फौजेत शिकलो.

निवृत्त मुख्याध्यापक, परभणी

कागद वाचले. पहिला पगारपत्रक आहे, दुसरा सुटका झाल्यानंतरचा रजेचा दाखला. पलटण संस्थानीच. सविस्तर उद्या लिहून पाठवतो, शिकस्त, म्हणजे घाईत जोडून लिहिलेलं उर्दू अक्षर आहे, डोळे दुखतात.

छिन्नी-हातोडा

प्रूफ आलं का तुमच्या दगडवाल्याकडून?

जनरल रजिस्टर

आलं काल. तुम्ही म्हणाला होता तसंच. यादीत तीन सूर्यवंशी आहेत आणि तिघंही 'सुऱ्यवंशी' झालेत. उद्या एसटीनं लातूरला जाऊन समोर बसून लिहून देते.